हे कोणी सांगितलं

९ फेब्रुवारी

दादा,

पत्र बघून पाकीट बाजूला टाकू नकोस. हे अभ्यासाचं पत्र आहे. तुझ्याशी गोड बोलायला मी बसलेली नाही. इतक्या वर्षांनी जिभेला ती सवयही राहिलेली नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून पोस्टाने पाठवतेय. दारात आलेल्या पोस्टमनला तू परत पाठवणार नाहीस, तेवढी रीतभात तुझ्यात आहे हे मला ठाऊक आहे.

तर, मी पुन्हा शिकतेय. हस पोटभर. केसांना रंग लावायच्या वयात मी विद्यार्थिनी झालेय. हॉस्पिटलातली माझी नोंदणीची खिडकी तुला माहीत आहे. ती वर्षअखेरीस बंद होणार. लोक आपापल्या फोनवरून नाव नोंदवतील आणि खिडकीच्या जागी पाण्याचं मशीन बसेल. आम्हा खिडकीवाल्यांना सांगितलंय की ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा कराल तर आत, नोंदी विभागात घेऊ. नाहीतर आपलं आपण बघा. अभ्यासक्रमाचं नाव हेल्थ इन्फर्मेटिक्स. म्हणजे काय, ते मला सुरुवातीला अजिबात कळलं नव्हतं. आता कळलंय ते असं: आजारी माणसाबद्दल जे जे कळतं ते असं लिहून ठेवायचं की उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या कुणाला, घाईच्या वेळी ते सापडावं आणि ते खरं असावं. एवढंच. पण या एवढ्यातच माझा जीव मेटाकुटीला आलाय.

पहिल्या दिवशी पाचावर धारण बसली होती. पडद्यावर चौकोनाचौकोनात माणसं. एक दातांचे डॉक्टर, एक औषधांच्या दुकानाची मालकीण, एक नर्स मांडीवर बाळ घेऊन, आणि मी, मागे वाळत घातलेल्या टॉवेलांसकट. दातांच्या डॉक्टरांना माइक बंद करणं अजून जमलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या बायकोने त्यांना काय काय सुनावलं ते आख्ख्या वर्गाला पाठ आहे. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज शांत, पण त्या कुणाला सोडत नाहीत. कुणी काही ठासून म्हणालं की लगेच विचारतात, 'हे तुम्हाला कोणी सांगितलं?' घरी ठकीने 'आई, घे' म्हणत तिचे हेडफोन मला दिलेत, आणि तुझे मेहुणे तासाच्या वेळी स्वयंपाकघरात भांडी न आपटता वावरायला शिकलेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला आधी का सुचलं नाही कोण जाणे.

आता कामाचं. बाईंनी घरातल्या एका माणसाची, त्याच्या परवानगीने, जन्मापासून आजवरची तब्येतीची हकीकत मांडायला सांगितलीय. प्रत्येक ओळीपुढे एक रकाना: हे कोणी सांगितलं. मी बाबांना निवडलं. ते म्हणाले, लिही काय लिहायचं ते, मला कधी काही झालेलंच नाही. गोवर आत्याने सांगितला, मोडलेला हात मला स्वतःला आठवतो, रक्तदाबाची गोळी आमच्या डॉक्टरांनी. पण आई गेल्यावर बाबा तुझ्याकडे राहिले, त्या वर्षांपुढे माझ्याकडे एकही ओळ नाही. तेव्हा काही दुखणं, कुठलं औषध, कुठे दाखवलं होतं का? चार ओळी पुरे. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी
बारकी

ता. क. खरं सांगायचं तर नुसता अभ्यास नाही. बाबांना हर्निया झालाय, चांगला मोठा. सर्जन म्हणतात ऑपरेशन करून टाका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. बाबा नाही म्हणतात. का, ते सांगत नाहीत. पोटाशी उशी धरून खोकतात आणि मला म्हणतात सर्दी झालीय.


२ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन शब्द. 'बाबांनाच विचार.' एवढ्यासाठी तू तिकीट चिकटवलंस, आभारी आहे. ते वाचून मी तुला जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. तुझे मेहुणे म्हणाले, 'उत्तर तर आलं. एरवी तेही येत नव्हतं.' हा माणूस प्रत्येक गोष्टीत बरं शोधतो, मला कधीकधी त्याचाही राग येतो. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी जिन्यात बसले होते हे मात्र त्याला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नव्हते.

या आठवड्याचा धडा ऐक. आमच्या स्क्रीनवर अ‍ॅलर्जी, पूर्वीची ऑपरेशनं, भुलीचा त्रास असे रकाने असतात, आणि ते भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पर्याय दोनच, हो किंवा नाही. पुढे रांग, बाजूला टेलिफोन. मग आम्ही सगळ्याच खिडकीवाल्या पटापट 'नाही' दाबतो. नवी मुलगी कामाला आली की पहिल्याच दिवशी तिला हेच शिकवलं जातं, इतकं ते आमच्या अंगवळणी पडलंय. मी वर्गात हे सांगितलं तर बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, न विचारता लिहिलेलं 'नाही' हे कोऱ्या जागेपेक्षा वाईट. कोरी जागा बघून डॉक्टर निदान विचारतात तरी. मग म्हणाल्या, 'नाही' आणि 'माहीत नाही' यांच्यात माणसं मरतात. मी ते वहीत लिहून घेतलं आणि बराच वेळ पुढचं काही ऐकूच आलं नाही.

कारण त्याच आठवड्यात सर्जननी बाबांना पुन्हा तपासलं होतं. उजव्या बाजूला खाली त्यांना एक व्रण दिसला. अपेंडिक्सचा असणार, म्हणाले. आमच्या नोंदीत पूर्वीची ऑपरेशनं: नाही. बाबा म्हणाले, 'जुनं आहे ते,' आणि शर्ट खाली ओढला. दादा, मी त्यांच्या गळ्याला मिठी मारून पोहायला शिकलेय. दर उन्हाळ्यात त्यांचं पोट बघितलंय. तेव्हा तो व्रण नव्हता. म्हणजे तो तुझ्याकडच्या वर्षांतला.

बाबा माझ्या दारात आले ते एक बॅग आणि एक वाक्य घेऊन: 'त्याचं नाव काढायचं नाही.' मी तुला फोन केला तर तूही म्हणालास, त्यांनाच विचार. दोघंही मिठाची गुळणी धरून बसलात. मला वाटलं घरावरून बिनसलं असेल, वहिनीशी खटका उडाला असेल, तुला त्यांचं करणं जड झालं असेल. कुणी काही सांगेना, मग सुचेल ते मी तिथे भरलं. आता विचारते ते नीट ऐक: तिकडे काय झालं होतं?

बारकी


२३ मार्च

दादा,

तुझ्याकडून काही नाही. म्हणून मी दुसऱ्या दाराने गेले.

तुमच्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. नोंदी विभागातली बाई माझ्यासारखीच निघाली, बोलताना टाइप करणारी. म्हणाली, कागद असतील, पण रुग्णाच्या सहीचा अर्ज लागेल. मी खुशीत अर्ज छापून बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, घडी घातली आणि म्हणाले, 'कागद माझे आहेत ना? मग मी देत नाही.' आणि वर्तमानपत्र उघडलं. मी अर्धा तास डोकं आपटलं. शेवटी हात टेकले.

बाबांची सही मला हुबेहूब जमते, तुला माहीत आहे. प्रगतिपुस्तकावर तू मला करायला लावायचास. माझा हात शिवशिवला होता. पण नशीब बघ, त्याच आठवड्यात धडा होता की नोंद कोणाची. ज्याच्या अंगाची गोष्ट, त्याची. तो म्हातारा असो, हट्टी असो, चुकत असो, ती त्याचीच. परीक्षेत हे लिहून मार्क मिळवणं सोपं होतं. घरी ते पाळताना दातओठ खावे लागले.

तास संपल्यावर मी बाईंना थांबवून सगळं सांगितलं. आम्ही इतकेजण त्यांच्यापुढे, कुणाचं नेट जातं, कुणाचं बाळ रडतं, तरी त्या थांबल्या. त्या मागे एका भिंतीला टेकून बसतात, भिंतीवर ओल आलीय. त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्यांचा चहाचा कप दिसला, म्हणजे चहासुद्धा माझ्यासाठी थंड होऊ दिला होता. म्हणाल्या, कागद सोडा. त्या वेळी तुमच्या वडिलांच्या जवळ कोण होतं? म्हटलं, माझा भाऊ. 'मग त्यांना विचारा. सांगायचं की नाही हे ते ठरवतील, पण विचारायचं थांबू नका.' तर ही मी, थांबत नाहीये.

आणि एक. पहिल्या चाचणीत मी चांगली पास झाले. टक्केवारीची गणितं होती, शंभरातल्या किती माणसांना काय, अशी. मला ती आली, कारण तू नव्या साबणाची वडी कापून मला अपूर्णांक शिकवले होतेस आणि आईचा मार तू खाल्ला होतास. पेपर सोडवताना मी तुझे आभार मानले. तुला पोचले नसतील, म्हणून लिहून कळवतेय.

बारकी


६ एप्रिल

दादा,

काल दुपारी बाबांचं आतडं अडकलं.

मी कामावरच होते, ठकीचा फोन आला. बाबा जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते, चेहरा घामाने डबडबलेला. तुझ्या मेहुण्यांनी त्यांना उचलून गाडीत घातलं. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी पाय उंच करून, वेदनेचं औषध देऊन, हळूहळू दाबत ते आत ढकललं. गेलं एकदाचं, माझा जीव भांड्यात पडला. पण ते म्हणाले, या वेळी गेलं. पुढच्या वेळी जाणार नाही, आणि तेव्हा काही विचारायला सवड नसेल, सरळ आत घ्यावं लागेल.

हे सगळं चाललं असताना बाबांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं आणि एकच म्हणत होते, आत नको, आत नेऊ नका. मी बाबांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. भूल देणाऱ्या डॉक्टर खाली आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे एवढे कशाला घाबरतात, आधी कधी भुलीत काही झालं होतं का? मी म्हटलं, माहीत नाही. स्क्रीनवर तसं लिहायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी पेनाने केसपेपरवर लिहिलं.

तुझी आणि बाबांची काय शपथ असेल ती असो. मला भीती वाटतेय, दादा. कळल्याशिवाय त्यांना आत नेलं तर काय होईल, याची. सांग मला. हात जोडते.

बारकी


२१ एप्रिल

दादा,

तुझं जाडजूड पाकीट मी हॉस्पिटलच्या चादरींच्या खोलीत बसून वाचलं. तिथे धुतलेल्या चादरींचे ढीग छतापर्यंत असतात आणि रडलेलं बाहेर ऐकू जात नाही.

बाई म्हणतात, ऐकलेलं परत सांगून बघावं, म्हणजे चूक राहत नाही. तर मला कळलं ते असं. बाबांचं अपेंडिक्स फुटलं. डॉक्टर म्हणाले, लगेच कापायला हवं. बाबा म्हणाले, नाही. कारण आईच्या ऑपरेशनच्या कागदावर त्यांनी सही केली होती आणि आई बाहेर आली नव्हती. त्यांनी तुझ्याकडून वचन घेतलं, मला आत पाठवायचं नाही. मग ताप चढला, त्यांना कुणी ओळखू येईना, आणि डॉक्टरांनी कागद तुझ्यापुढे ठेवला. तू सही केलीस.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण भूल देताना स्नायू सैल करायचं एक औषध देतात. त्याचा अंमल कुणाच्याही अंगातून बघता बघता उतरतो, तो बाबांच्या अंगातून उतरेना. श्वास घेता येईना, म्हणून मशीनवर ठेवलं. आणि त्यातला काही वेळ बाबा जागे होते. सगळं ऐकू येत होतं, पण बोट हलत नव्हतं, पापणी उचलत नव्हती, आणि कुणालाही ते कळलं नाही. नळी काढल्यावर तू धावत आत गेलास, आणि ते तुला म्हणाले, 'तू मला जिवंत पुरलंस.'

हे वाक्य मी अजून पुरतं गिळलेलं नाही. तू इतकी वर्षं ते कसं पोटात ठेवलंस?

तिथल्या डॉक्टरांनी ते औषध पुन्हा देऊ नये असं कार्ड दिलं होतं. ते बाबांनी तुझ्यादेखत फाडलं. मी तेव्हा काविळीने अंथरुणाला खिळलेले, म्हणून तू मला कळवलं नाहीस. आणि निघताना बाबांनी बजावलं, यातलं एक अक्षर बारकीला सांगायचं नाही. एक वचन मोडलंस म्हणून दुसरं तू इतकं घट्ट धरून बसलास, की त्यापायी मीही तुझ्या हातून सुटले. फोन उचलला असतास तर बोलून गेला असतास, म्हणून उचलत नव्हतास, असं लिहिलंयस. शहाणाच आहेस. आणि मी इथे तुला दगड समजत होते. मला राग आलाय, सांगून ठेवते. मी काय काचेची होते?

पण रागाच्या आधी जे म्हणायचं ते म्हणते. थँक्यू, दादा. बाबा रोज सकाळी माझ्या घरात खुर्चीत बसून टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतात, ते तू सही केलीस म्हणून. ठकीला सायकल शिकवणारे आजोबा मिळाले, ते तू सही केलीस म्हणून. त्या घरात तुझं नाव काढायची बंदी होती आणि ते सगळं घर तुझ्या जिवावर चाललं होतं. हे तुला कुणी म्हणायला हवं होतं. मी म्हणतेय.

तुझं पत्र मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. त्या उठून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, हे कळलं नसतं आणि घाईत आत घेतलं असतं, तर पहिल्यांदा तेच औषध दिलं असतं. आणि हे रक्तातून उतरतं, म्हणजे तू, मी, ठकी, तिघांनी रक्त तपासून घ्यायचं. उद्याच जा. वहिनीला सांगून ठेव, ती तुला ढकलेल.

तुझी
बारकी


५ मे

दादा,

बाबांना सांगून झालं. मी नाही, डॉक्टरांनी सांगितलं.

त्यांनी बाबांसमोर स्टूल ओढलं आणि सरळ म्हणाल्या, तुमच्या मुलाने मला सगळं कळवलंय. मी दाराशी उभी होते, वाटलं आता बाबा उठून जाणार. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरांनी घाई केली नाही. त्या औषधाचं सांगितलं, बाबांच्या रक्तात ते विरघळायला जे लागतं तेच कमी आहे, हे सांगितलं. ना तुमची चूक, ना तुमच्या मुलाची. मग विचारलं, त्या वेळी तुम्ही जागे होतात ना?

मग बाबा भिंतीशीच बोलले.

'मला वाटलं मी मेलोय, आणि मेल्यावर असंच असतं. सगळं ऐकू येतं.'

डॉक्टर म्हणाल्या, हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं नाहीत? बाबा म्हणाले, कुणी विचारलं? आणि ते खरंच आहे. आमच्या खिडकीवर त्यांना भुलीचा त्रास झाला होता का हे कुणी विचारलंच नव्हतं, नुसतं बटण दाबलं होतं.

मग डॉक्टरांनी सांगितलं की आता ते औषध नाही, झोपवायचंही नाही. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करायचं, तुम्ही जागे असाल. जागे म्हटल्यावर बाबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी विचारलं, 'आणि मी बोललो तर कुणाला ऐकू जाईल?' डॉक्टर म्हणाल्या, मी तुमच्या डोक्याशीच बसलेली असते, माझं कामच ते. बाबांनी मान हलवली. हो नाही, नाहीही नाही.

घरी आल्यावर त्यांनी माझ्याशी अबोला धरला. तुझ्यासारखाच, अगदी तुझ्याच घराण्यातला. ठकी मध्ये निरोप्याचं काम करत होती. मग काल सकाळी चहा पिता पिता, काही प्रस्तावना न करता, ते मला म्हणाले, तारीख घे. मी चहाचा कप तसाच ठेवून फोन लावायला पळाले, म्हटलं मत बदलायच्या आत.

माझं अभ्यासाचं काम मी बाबांना वाचून दाखवून, त्यांनी मान डोलावल्यावरच बाईंकडे पाठवलं. तुझ्याकडच्या वर्षांपुढे आता सगळ्या ओळी आहेत, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलंय: मुलाने सांगितलं, तो तिथे होता. बाईंनी त्या ओळीपाशी बरोबरची खूण केलीय, बाकी काही लिहिलं नाही.

बारकी


१ जून

दादा,

तू सुखरूप पोचलास हे वहिनीने कळवलं. घर आता एकदम मोठं वाटतंय. ठकी विचारतेय, मामा परत कधी येणार, आणि तुझे मेहुणे तुझा राहिलेला टॉवेल घडी घालून कपाटात ठेवतात, म्हणजे त्यांनी तुला पाहुण्यांतून काढलं.

बाबा चालायला लागलेत. टाके सुकले. कालपासून बातम्यांशी भांडणं पुन्हा सुरू झालीत. तुझा रक्ताचा रिपोर्ट बाबांसारखाच आला हे कळल्यापासून ते रोज विचारतात, त्याने ते औषध देऊ नये असं त्याचं कार्ड पाकिटात ठेवलं का. ठेव रे. फाडलंस तर मी रात्रीच्या गाडीने येऊन तुझे कान उपटीन. माझा आणि ठकीचा रिपोर्ट चांगला आहे.

मी पास झाले. पुढच्या महिन्यापासून नोंदी विभागात. शेवटच्या कामात मी एवढंच मागितलं होतं की आमच्या स्क्रीनवर 'हो' आणि 'नाही'च्या शेजारी 'माहीत नाही' असं तिसरं बटण द्या. विभागप्रमुखांनी आधी नाक मुरडलं, रांगा वाढतील म्हणाले. भूल देणाऱ्या डॉक्टर माझ्या बाजूने बोलल्या, तेव्हा ऐकलं. बटण आलं. शेवटच्या तासाला मी बाईंचे आभार मानायला माइक चालू केला आणि मला हुंदकाच फुटला, सगळ्या वर्गासमोर. दातांच्या डॉक्टरांनी नेमका तेव्हाच पहिल्यांदा आपला माइक बंद ठेवला होता, त्यामुळे माझं रडणं स्वच्छ ऐकू गेलं. बाई म्हणाल्या, तुमचे आभार तुमच्या भावाला पोचवा. म्हणून हे पत्र. फोन तू आता उचलतोस, पण हे फोनवर माझ्याच्याने बोलवलं नसतं.

तू आलास त्या सकाळी ऑपरेशनच्या खोलीबाहेर आपण दोघं त्या लोखंडी बाकावर बसलो होतो, आठवतं ना? तुझे केस इतके पिकले असतील असं मला वाटलं नव्हतं. तू बोटं मोडत होतास, मी तुला दटावत होते. आतून बाबांचा आवाज येत होता. डॉक्टरांना ते आपल्या जुन्या सायकलची गोष्ट सांगत होते, आणि तू डोळे मिटून ऐकत होतास. बाहेर आल्यावर ते तुला म्हणाले, गाडीत बसायला जागा मिळाली का? तू म्हणालास, मिळाली. इतक्या वर्षांनी बापलेक एवढंच बोललात. मला वाटलं दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीत. मग ते झोपेपर्यंत तुझा हात त्यांच्या हातात होता, तेव्हा मी आपटायचा विचार सोडला.

पण तुला एक माहीत नाही, ते सांगायलाच बसलेय. ऑपरेशनला या म्हणून हॉस्पिटलातून तुला फोन आला, तेव्हा तुझा नंबर बारकीने दिला असं तू धरून चाललास. बाबांसमोर तू माझे आभार मानलेस, आणि मीही हो हो केलं, कारण ते भिंतीकडे बघायला लागले होते.

मी दिला नव्हता. ऑपरेशन ठरल्यावर डॉक्टर कागद घेऊन आल्या. सगळं बाबांना समजावून झालं, बाबांनी स्वतःची सही केली. मग डॉक्टरांनी विचारलं, मध्येच काही ठरवायची वेळ आली आणि तुम्हाला ठरवता आलं नाही, तर तुमच्या वतीने सही कोणी करायची? मी पेन घ्यायला हात पुढे केला. रोज घरात मीच असते, मलाच करायची असणार. बाबा म्हणाले, ती नाही, मुलगा. आणि तुझा नंबर सांगितला. मी फोनमध्ये शोधायला लागले होते, तोवर त्यांनी तो सगळा, एकही आकडा न चुकता, म्हणून दाखवला.

डॉक्टरांनी लिहून घेतला. मग म्हणाल्या, ते लांब असतात, तुमच्यात बोलणंही नव्हतं असं कळलं. वेळ आलीच तर सही करतील ना ते?

'करेल,' बाबा म्हणाले. 'मागे एकदा केलीय त्याने.'

तुझी
बारकी